गोजराईचा वळसा

माझी थोरली लेक वैजयंता अडली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळपासून मी तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसून होते. डॉक्टरीणबाई यायच्या, "थांबा" म्हणायच्या आणि जायच्या. जावईबापू नुसते येरझाऱ्या घालत होते. मला दुसरं काही येत नाही, नवस तेवढा येतो. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "गोजराई, माझ्या लेकीची सुखरूप सुटका कर. येत्या आखितीला मी तुझी शीव चालेन. अनवाणी चालेन, डोक्यावर ढेकूळ घेऊन, तोंडातून शब्द न काढता."

तिसऱ्या प्रहरी नातू झाला. आखिती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आली आणि मी चालले.

पण खोटं कशाला बोलू? त्या उन्हात माळावर पोचले तेव्हा तळपाय भाजून निघाले होते. आणि तिथंच शिवेची वाट एकाएकी डावीकडं वळते. गरज नसताना ती आत शिरते, लांबच लांब फिरते आणि मग टेकडीच्या अंगाला लागते. समोर पाहिलं तर सरळ गेल्यावर शे-दीडशे पावलांत तीच वाट पुन्हा मिळत होती. मी मनात म्हटलं, देवी काय पावलं मोजते का? आणि पाय सरळ टाकला.

मागून कुणीतरी पदर धरला. बायजाक्का होती, गोजराईच्या ठाण्याची पूजाअर्चा करणारी गुरवीण. सत्तरी उलटलेली, पण माझ्यामागून अनवाणीच आली होती.

"कुठं निघालीस गं?"

मला बोलता येत नव्हतं. मी हातानं पुढं दाखवलं.

"जा की मग. कोण अडवतंय? पण नवस फिटायचा न्हाई. सगळी शीव चालून जेवढा फिटतो ना, तेवढाच ह्या एका वळशात फिटतो."

मी गुमान वळले. संध्याकाळी ढेकूळ उतरवल्यावर तिनं माझ्या तळपायांना लोणी लावलं आणि लावता लावता मला सगळं सांगितलं. बायजाक्का आता नाही. तिनं मला सांगितलं तसंच मी तुम्हाला सांगते. मधून मधून हुंकार तेवढा द्या.

फार वर्षं झाली. किती, ते कुणालाच सांगता येत नाही. बायजाक्का म्हणायची, बोडख्या टेकडीवर तेव्हा झाडं होती. आता धरा तुम्हीच किती ते.

आपल्या खडकउंबऱ्यात सुरुवातीला सातच घरं होती. कुठल्याशा दुष्काळात गुरं हाकत ती माणसं इकडं आली. खडकातून उगवलेल्या एका उंबराखाली त्यांच्या गाई बसल्या, त्या काही केल्या उठेनात. म्हातारी माणसं म्हणाली, गाईंना कळतं ते आपल्याला कळत नाही, इथंच चुली मांडा. मांडल्या. दक्षिणेला काळवटाची पट्टी, तिथं ज्वारी. पश्चिमेला नुसता मुरूम, तिथं कुसळं. उत्तरेला बोडखा. आणि पूर्वेला मोठा माळ, माळापलीकडं पारगव्हाण. सात घरांची सत्तर घरं झाली, तरी दोन गावांमधली शीव नेमकी कुठं हे कुणी विचारलं नव्हतं. दक्षिणेला चिलारीच्या ओढ्याशी एक शेंदराचा दगड होता, उत्तरेला बोडख्याच्या पायथ्याशी दुसरा. मधली शीव गुरांच्या खुरांखाली कुठंतरी होती.

त्या मधल्या माळावर हंड्याचा झरा. तुम्ही पाहिलाय तो. कातळात हंड्यासारखी गोल खोली, आणि तळातून पाणी. कितीही उपसा, ते काठाच्या खाली चार बोटं येऊन थांबतं. पाऊसपाणी होतं तोवर दोन्ही गावांच्या बाया तिथं शेजारी शेजारी घागरी भरायच्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या आणि हसत घरी जायच्या.

मग तीन वर्षं लागोपाठ पाऊस हुकला. विहिरी बसल्या, ओढ्यातले झिरे कोरडे पडले. झरा तेवढा होता तसा राहिला. पण आता हंड्यावर बायांऐवजी गडी येऊ लागले, काठ्या घेऊन. आधी घागरी फुटल्या, मग डोकी फुटली.

शेवटी पाच गावचे पंच उंबराखाली बसले. त्या काळी शिवेचा तंटा सुटला नाही की एक रीत होती. दोन्ही गावांचा ज्याच्यावर विश्वास, असं एक माणूस निवडायचं. त्याच्या डोक्यावर त्याच्या गावच्या मातीचं ढेकूळ ठेवायचं, वर बेलाचं पान. त्यानं एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत अनवाणी चालायचं. ढेकूळ खाली ठेवायचं नाही, बोलायचं नाही आणि मागं पाऊल घ्यायचं नाही. जिथं त्याची पावलं पडतील तिथं शीव, ती मग पिढ्यान् पिढ्या हलायची नाही. तिन्हींतलं काही मोडलं तर चाळीस दिवसांत त्याच्या घरावर घाला पडतो, असं म्हणतात.

आता असं माणूस आणायचं कुठून? खडकउंबऱ्यानं नाव घेतलं की पारगव्हाण नाक मुरडायचं, आणि पारगव्हाणानं घेतलं की खडकउंबरं. दुपार कलली तेव्हा पारगव्हाणचे यमाजीनाना म्हणाले, "आमची गोजरा चालंल का?"

तर आपले पिराजी पाटील फटकन म्हणाले, "तुमची कशी? आमची गोजरा!"

आणि सगळे हसले. त्या तीन वर्षांत दोन्ही गावं एका वेळी हसली ती तेवढीच.

गोजरा सुईण होती. पारगव्हाणात जन्मली, खडकउंबऱ्यात नांदायला आली. लवकर विधवा झाली. एक लेक, राणू, तेवढा होता. दोन्ही गावांतल्या निम्म्या माणसांनी पहिला श्वास तिच्या हातावर घेतलेला. भांडणात ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, त्यांची ती डोकी पहिल्यांदा हिनंच हातात धरली होती.

आणि तिचाही एक नवस होता. राणूच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. त्या वेळी सुईणीला बोलावणं गेलं, पण सुईण कुणाच्या तरी लग्नात जेवायला बसली होती. "येते ताट उरकून," म्हणाली. ती आली तोवर पोर गेलं होतं. तेव्हा गोजरानं सटवाईपुढं हात जोडले आणि म्हटलं, "आई, मला ही विद्या दे. कुणीही अडलेली बाई हाक मारू दे, हातातलं काम टाकून मी उठेन. नाही उठले तर माझा हात झडो." विद्या मिळाली. आणि ती उठायची. भाकरी तव्यावर टाकून उठायची, पंगतीतून उठायची. एकदा म्हणे स्वतःच्या दिराच्या वरातीतून उठून गेली.

चालण्याचा दिवस ठरला वैशाखातल्या आखितीचा. आदल्या दिवशी पाटलीणबाई स्वतः गोजराच्या दारात आल्या. म्हणाल्या, "गोजरे, जास्त काही सांगत न्हाई. झरा तुझ्या डाव्या हाताला राहू दे, म्हंजी झालं." दक्षिणेकडून उत्तरेला चालायचं, तर डावीकडं खडकउंबरं, उजवीकडं पारगव्हाण. झरा डाव्या हाताला म्हणजे आपला. पाटलीणबाई गेल्या तशी माहेरची एक चुलतबहीण ताक मागायच्या निमित्तानं आली. "बाय गं, आईबापाच्या गावाला तहानेनं मारू नगंस. झरा उजवीकडं."

आणि सकाळी ढेकूळ बांधताना राणू म्हणाला, "आये, मला हितंच जगायचं हाय. तू झरा घालवलास तर गावात मला कोण उभा करंल?"

गोजरानं डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ ठेवली, चुंबळीवर काळवटातलं ढेकूळ, त्यावर बेल. आणि चिलारीच्या दगडापासून निघाली.

मागून वीस पावलांवर एकीकडं खडकउंबरं, एकीकडं पारगव्हाण. मध्ये हलगीवाला. सुरुवातीला थट्टाच चालली होती.

"सासरच्या मातीचं वजन झेपतंय का गं, गोजरे?" पारगव्हाणच्या बाया विचारायच्या.

"माहेरच्या काट्यांपेक्षा हलकं हाय!" आपल्या बाया परस्पर उत्तर द्यायच्या.

ऊन चढलं तशी थट्टा आटली. जिथं तिनं उभ्या उभ्याच दम घेतला, त्या कातळाला अजून उसासा म्हणतात. जिथं तिच्या पायाचे फोड फुटले, तिथली माती तांबडी आहे. आसपास सगळी करडी आणि तेवढा वावभर तुकडा तांबडा. तुम्ही पाहून या.

आणि झरा समोर आला. शंभर पावलांवर. दोन्ही गावं श्वास रोखून तिच्या पायांकडं बघत होती. ती कुठल्या बाजूनं जाणार होती? असं म्हणतात की ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. राणूलाही नाही.

तेवढ्यात हाक आली.

झऱ्याच्या बरंच डावीकडं आणि थोडी पुढं मेंढपाळांचं एक पाल होतं. मेंढरं आणि माणसं पुढं निघून गेली होती, मागं एक अवघडलेली बाई आणि तिची आंधळी सासू राहिल्या होत्या. दोन्ही गावांत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्या म्हातारीला शिवेचं काय ठाऊक? तिला हलगी ऐकू आली, म्हणून ती ओरडली, "कुणी बाईमाणूस हाय का गं? माझी सून चालली!"

गोजरा थांबली.

पिराजी पाटलांना क्षणात सगळं उमगलं. डावीकडं वळली की शीव वळणार. पाल झऱ्याच्या पुढं, म्हणजे तिथून झऱ्याकडं यायला पाऊल मागं घ्यावं लागणार, आणि मागं पाऊल घ्यायचं नाही. झरा गेला, वर वीस बिघे माळ गेला.

"गोजरे, पाऊल वळवू नगं!" पाटील ओरडले. "दुसरी बाई धाडतो! झरा जाईल!"

"आये!" राणूनं हाक मारली. एवढंच.

एक ओवी म्हणून व्हावी एवढा वेळ ती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मान हलली नाही, ढेकूळ हललं नाही. मग तिनं डावा पाय डावीकडं टाकला.

आत गेल्यावर काय झालं ते त्या आंधळ्या म्हातारीनं सांगितलं, म्हणून आपल्याला कळतं. मूल आडवं होतं. गोजरा गुडघ्यांवर बसली, डोक्यावर ढेकूळ तसंच. तोंडानं धीर द्यायची सोय नव्हती, तिनं हातांनी दिला. म्हातारी म्हणायची, "मला दिसत न्हाई, पर तिचं हात बोलत व्हतं. 'दम धर' म्हणत व्हतं, 'आता कळ दे' म्हणत व्हतं." तास गेले. बाहेर दोन गावं उन्हात उभी. पंचांनी सांगितलं होतं, सूर्य मावळायच्या आत दुसरा दगड गाठायचा. असं म्हणतात, त्या दिवशी सूर्य बोडख्याच्या मावळतीकडच्या उतारावरच्या झाडांत अडकला. पाखरं घरट्यात येऊन बसली, गुरं हंबरू लागली, तरी ऊन जाईना.

मग पालातून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती.

गोजरा बाहेर आली. उजवीकडं, थोडा मागं, झरा चकाकत होता. तिनं तिकडं पाहिलं आणि पुढं चालू लागली. बोडख्याच्या दगडाशी पोचून ढेकूळ उतरवलं, तेव्हा सूर्य झाडांतून सुटला आणि टपकन खाली गेला.

शीव झाली होती. झरा पारगव्हाणचा झाला होता.

पारगव्हाणची तरणी पोरं नाचायला लागली. हलगी कडाडली. आपल्या गावची माणसं माना खाली घालून उभी होती, आणि राणू आईकडं पाठ करून. पिराजी पाटील तोंडातल्या तोंडात म्हणाले, "शेवटी माहेरचीच निघालीस."

गोजराचे ओठ फुटले होते. दिवसभरातलं तिचं पहिलं बोलणं त्यावर आलं, "नाना, पाणी."

यमाजीनानांनी झऱ्याची घागर मागवली आणि स्वतः तिच्यापुढं धरली. ती प्याली नाही. म्हणाली, "ह्यातलं आधी त्या पालात पोचवा. बाळंतीण हाय."

पोचवलं. दुसरी घागर आली. तरी ती पिईना.

"आता काय गं, पोरी?"

"नाना, झरा आता माझ्या माहेरचा झाला ना?"

"झाला की. पाच गावच्या देखत."

"मग माहेरची लेक आखितीला दारात आली, तर तिला काय देतात?"

नाना गोंधळले. "चोळी देतात. ओटी भरतात."

"मला किती वर्षं चोळी दिली न्हाई तुम्ही?"

नानांनी मान खाली घातली. तीन वर्षं तंट्यात कुणी लेकीला बोलावलंच नव्हतं.

"मला चोळी नगं," गोजरा म्हणाली. "चोळीच्या जागी पाणी द्या. आणि मी एकटी न्हाई. ह्या सत्तर घरांतल्या समद्या बाया आजपासून तुमच्या लेकी. लेकीची घागर माहेराहून रिकामी परत धाडायची न्हाई. एवढं द्या, मग मी पिते."

नाचणारी पोरं थांबली. लेकीनं भर पंचांत मागितलेलं माहेर नाही कसं म्हणणार? यमाजीनाना वाकले, तिच्यासाठी आणलेली घागर उचलली आणि चालत चालत पाटलीणबाईंपुढं गेले. म्हणाले, "ये बाई. उन्हातनं आलीस. पाणी घे."

पाटलीणबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, असं म्हणतात. राणूनं वळून आईकडं पाहिलं, आणि मग तिला पाठुंगळी घेऊन तोच झऱ्यावर गेला. तिथं ती पोटभर प्याली. पिराजी पाटलांनी ते उतरवलेलं ढेकूळ उचललं, दगडाशी नीट ठेवलं आणि आपलं पागोटं काढून त्यावर पांघरलं.

सकाळी पाहतात तर दिवसभर उन्हात तापलेल्या त्या ढेकळातून कोंब आला होता, उंबराचा. बोडख्यावरची बाकीची झाडं पुढं तुटली, तो उंबर तेवढा आहे. गोजराईचं ठाणं त्याच्याच मुळाशी.

ती कधी गेली ते कुणालाच माहीत नाही. एका वैशाखात कुणाची तरी हाक आली म्हणून घरातून निघाली, ती परतली नाही. वळशावर तिची चुंबळ तेवढी सापडली. ती अजून चालते आहे, असं म्हणतात. आपल्याकडची बाई अडली की तिला उशाशी अनवाणी पावलं ऐकू येतात. वैजयंताला विचारा हवं तर. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर, ती सांगते, कुणीतरी धुळीच्या पायांनी आलं होतं.

पुढं साखळ्या घेऊन मोजणीदार आले. त्यांतले साहेब वळसा पाहून म्हणाले, "ही शीव आहे की लुगड्याची निरी? सरळ करून टाका, दोन्ही गावांच्या सोयीचं." सरळ केली असती तर झरा निम्मा आपला झाला असता. पण त्या दिवशी दोन्ही गावं एका बाजूला उभी राहिली. आपले लोक म्हणाले, "साहेब, आम्हाला झरा नको. आम्हाला माहेर आहे." कागदावर अजून ते नाकासारखं टोक तसंच आहे.

आता घरोघरी नळ आले. पाणी आलं तर येतं, नाही तर नाही, पण हंड्यापर्यंत कुणाला जावं लागत नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखितीला इथून शंभरावर बाया निघाल्या होत्या. पारगव्हाणच्या बाया झऱ्यावर वाट पाहत उभ्या. आपली घागर त्यांनी भरायची, आपल्याला हात लावू द्यायचा नाही. ओटीत गहू, खण आणि वर माहेरची म्हणून एक मूठ माती. मग सावलीला बसून तीच जुनी थट्टा. माझं माहेर कोकणात, लांब. आई गेल्यावर मला आखितीला बोलावणारं कुणी उरलं नाही. पण पारगव्हाणची सखूवहिनी दर वर्षी विचारायची, "यंदा उशीर का केलास गं?" तेवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर थांबायचे. गेल्या आखितीला आम्ही अकराजणी होतो. सखूवहिनी काठी टेकत आली होती. घागर तिला उचलवेना, म्हणून तिनं तांब्यानं भरली. वेळ लागला, पण काठोकाठ भरली.

म्हणून सांगते बायांनो, आणि पोरांनो तुम्हालाही. कधी ना कधी तुम्ही कुठल्यातरी बाकावर बसाल आणि हातात करण्यासारखं काही उरणार नाही. तेव्हा गोजराईला एक नवस बोला. आपल्या दारातलं एक ढेकूळ घ्या, चुंबळ करा आणि आखितीला इकडं या. पाय भाजतील, लोणी मी लावीन. माळावर वाट डावीकडं वळली की तुम्हीही वळा, सरळ जाऊ नका. आणि चालता चालता कुणी खरीखुरी हाक मारली, तर शीव कुठं जाईल, झरा कुणाचा होईल, नवसाचं काय होईल, काही बघत बसू नका. तिकडं जा. तुमची ओटी भरायला सखूवहिनी झऱ्यावर थांबलेली असेल.